वाकड्या पायांची कोकरं : युरोपातला रोग खरंच आपल्याकडं आलाय का?

दूधगंगाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. शेती विभागात लिहितोय, पण विषय मेंढरांचा आहे. संपादकांना दुसरीकडं हलवावासा वाटला तर खुशाल हलवा.

आमचं गाव चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या अंगाला. सोयाबीन निघाल्यावर रान मोकळं होतं म्हणून खतासाठी मेंढरं बसवलीत. मेंढपाळांचा वाडा ओळखीचा, वडिलांच्या काळापासून येणारा. यंदा मात्र मेंढ्या व्यायला लागल्यापासून काहीतरी बिनसलंय. काही कोकरं मेलेलीच पडतायत आणि ती बघवत नाहीत. काल रात्री एक अडली म्हणून मी बॅटरी धरून उभा होतो. वाड्याच्या मेंढपाळ मामांनी हात घालून कोकरू काढलं. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून आखडलेले, सरळ करायला गेलं तर सांधा हलेचना. मान पाठीवर वळलेली, कपाळ फुगीर. पाठोपाठ दुसरं आलं ते एकदम टुणटुणीत, बघता बघता उभं राहून आचळ शोधायला लागलं. एकाच पोटातली दोन! आईला ना ताप, ना काही. जार पडला आणि ती पाला खायला लागली.

आता खरी अडचण. गावच्या ग्रुपवर एक क्लिप फिरतेय. ‘जर्मनीचा नवा विषाणू भारतात, गाई-म्हशी-मेंढरं सगळ्यांना धोका, दूध-मटण बंद करा’, मागं ढँण ढँण संगीत. क्लिपमधली कोकरं हुबेहूब अशीच आहेत. त्यामुळं चारजण येऊन सांगून गेले, मेंढरं आजच्या आज हलवा, आमच्या गाई गाभण आहेत. मामा ऐकून घेतात, काही बोलत नाहीत.

विचारायचं एवढंच. असा रोग खरंच आहे का? गाईंना लागतो का, माणसाला लागतो का? आणि मेंढरं हलवून काही साधतं का?

कुंदा_आणि_मांडे

वाचतोय. ती क्लिप आमच्या टिळकवाडीच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आली. इथं कुणाच्या सात पिढ्यांत मेंढरू नाही, तरी सगळे काळजीत.

खानापूरची_म्हैसवाली

होय की, आमच्याकडं पण पोचलीय. डेअरीवर बायका विचारालत्या, दूध उकळून चालेल काय म्हणून. लम्पीच्या वेळी २०२२ ला हेच झालं होतं. जनावर आजारी एका गोठ्यात आणि दूध परत सगळ्या गल्लीचं. माझी एक जर्सी कालवड श्रावणात गाभडली. तेव्हा उन्हाचं-पावसाचं झालं असेल म्हणून सोडून दिलं. आता हे वाचून पोटात गोळा आला. जाणकारांनी सांगा.

रोखठोक

काही रोग-बिग नाही. लस खपवायची असली की आधी रोग येतो, मग क्लिप येते, मग कंपनी. आमच्या आजोबांच्या वेळी कुठं होते हे विषाणू? कडुनिंबाची धुरी करा आणि गप्प झोपा.

सीमेवरचा_सदा

रोखठोक, आजोबांच्या वेळी बुळकांड्या यायचा आणि दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. आजोबांनाच विचारा.

दावणीचा_डॉक्टर

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात हयात गेली, आता निवृत्त आहे. धाग्यातल्या वर्णनावरून निदान करणार नाही, कुणी करत असेल तर त्याचं ऐकू नका. पण दूधगंगाकाठ यांनी वर्णन इतकं नीट केलंय की काही गोष्टी सांगता येतील.

आधी क्लिपबद्दल. रोग खरा आहे, बाकीचं तिखट-मीठ आहे. श्मालेनबर्ग हे जर्मनीतल्या नॉर्थ राइन-वेस्टफेलिया राज्यातलं एक छोटं गाव. २०११ च्या उन्हाळ्याअखेरीस त्या भागात आणि शेजारच्या नेदरलँड्समध्ये दुभत्या गाईंना ताप यायला लागला, दूध एकदम घटलं, काहींना हगवण लागली. थोड्या दिवसांत गाई आपोआप बऱ्याही होत. लाळ्या-खुरकूत बघितलं, नीलजिव्हा म्हणजे ब्लूटंग बघितली, हाती काही लागेना. शेवटी नोव्हेंबरमध्ये तिथल्या फ्रीडरिख लोफ्लर संस्थेनं आजारी गाईंच्या रक्तातला सगळा जनुकीय माल वाचून काढला आणि त्यात एक नवाच विषाणू सापडला. नमुने त्या गावाजवळच्या गोठ्यातले, म्हणून गावाचं नाव चिकटलं. डिसेंबर उजाडला आणि मेंढ्या व्यायला लागल्या, तेव्हा वाकडी कोकरं पडायला लागली. तोवर गाईंचा ताप लोक विसरलेसुद्धा होते. गंमत बघा, ज्या वर्षी बुळकांड्या जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं, त्याच वर्षी हा नवा दारात उभा राहिला.

तो पसरतो चिलटांमुळं. साधा डास नव्हे, त्याहून बारीक, एक ते तीन मिलिमीटरचं, क्युलिकॉईड्स नावाचं. तिन्हीसांजेला गोठ्यात कानाभोवती घोंघावतं आणि चावलं की खाजून जीव जातो, तेच. ओलं शेण, चिखल, हौदाखालची गळती, तिथं त्याची पैदास. मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येतं आणि वाऱ्यावर कोसच्या कोस जातं.

आता नीट वाचा, कारण सगळी मेख इथं आहे. मेंढी गाभण असताना साधारण दुसऱ्या महिन्यात तिला चिलट चावलं आणि विषाणू वारेतून पोटातल्या जिवापर्यंत गेला, तर त्याचा मेंदू आणि मज्जारज्जू घडत असतानाच बिघडतो. मज्जातंतूच नाहीत म्हटल्यावर स्नायू हलत नाहीत. हलले नाहीत की सांधे आहेत तसे आखडून बसतात. कवटीत मेंदूच्या जागी कधीकधी नुसतं पाणी निघतं. जुळ्यातलं एक बिघडलेलं आणि एक चांगलं, हे यात वारंवार दिसतं. आईच्या रक्तात विषाणू जेमतेम काही दिवस राहतो, तिला एकतर काही होत नाही किंवा कणकण येऊन जाते.

मेंढीचे दिवस पाच महिन्यांचे. आता मार्गशीर्ष चाललाय. मागं मोजत जा. आषाढात फळलेली मेंढी श्रावणात दुसऱ्या महिन्यात होती. म्हणजे तुम्ही काल रात्री बॅटरीच्या उजेडात जे बघितलं, ते घडलं श्रावणात. त्या मेंढ्या तेव्हा तुमच्या रानात नव्हत्याच. आज त्यांना हाकलून गावातल्या गाईंचं काही वाचत नाही. ज्या मेंढ्यांना लागण होऊन गेली, त्यांच्या अंगात आता विषाणू नाही, उलट प्रतिकारशक्ती आहे.

माणसाला हा रोग होत नाही. युरोपात बाधित कळपांवर राबणारे शेतकरी आणि पशुवैद्य मुद्दाम तपासले गेले, लागण दिसली नाही. दूध उकळून प्या, जसं रोज पिता.

पण हाच तो विषाणू, असं मी अजून म्हटलेलं नाही. वाकडी कोकरं पडायला इतर कारणंही आहेत आणि ती आपल्या घरातली आहेत. नीलजिव्हेचा विषाणू असं करू शकतो. श्मालेनबर्गचा भाऊबंद अकाबाने, जो १९५९ साली जपानात डासांत सापडला, तो तर यासाठीच प्रसिद्ध आहे. भारतातही याच गोतातला साथुपेरी नावाचा विषाणू १९५७ मध्येच डासांत सापडलेला होता. तेव्हा ‘जर्मनीचा’ म्हणून फार बोटं मोडू नका. त्या चिलटांना पासपोर्ट लागत नाही.

मला तीन उत्तरं द्या. वाडा आषाढ-श्रावणात कुठं होता? पैदाशीचा मेंढा किती वर्षं तोच आहे आणि तो याच कळपातला आहे का? पावसाच्या तोंडावर जंताचं औषध पाजलं होतं का, आणि पाजलं असेल तर कुठलं? तिसरा प्रश्न किरकोळ समजू नका.

आणि एक विनवणी. मामांना सांगा, हात घालताना हातमोजे घाला. मेलेलं कोकरू, जार, ते पाणी यांना उघड्या हातानं शिवू नका. श्मालेनबर्ग माणसाला होत नाही, पण गाभडण्याचं कारण ब्रुसेल्ला हा जिवाणू निघाला तर तो ताप माणसाला महिनोन्‌महिने सोडत नाही. पडलेलं सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांपुढं टाकू नका.

कुंदा_आणि_मांडे

दंडवत, डॉक्टर. हा प्रतिसाद सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?

दावणीचा_डॉक्टर

टाका, पण पूर्ण टाका. निम्मा कापून टाकलात तर त्याचीच उद्या क्लिप होईल.

उट्रेख्टचा_बेळगावकर

मी शहापूरचा, सध्या नेदरलँड्समध्ये. गाईगुरांतलं शून्य कळतं, पण इथं जे बघितलं ते सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये इथं नीलजिव्हेचा तिसरा प्रकार सापडला. त्याआधी २००६ ला आठवा प्रकार आला होता. तो उत्तर युरोपात कुठल्या वाटेनं शिरला याचा पत्ता आजतागायत नक्की लागलेला नाही. तिसऱ्यानं मात्र मेंढरं धडाधड लोळवली. माझ्या सायकलच्या वाटेवर बांधालगत एक कळप असायचा. ओठ सुजलेल्या, तोंडातून लाळ गळणाऱ्या, गुडघ्यावर बसून चरणाऱ्या मेंढ्या मी स्वतः बघितल्यात. आठव्या प्रकाराची लस होती, पण ती तिसऱ्यावर चालत नव्हती. तिसऱ्याची लस २०२४ च्या वसंतात तातडीच्या परवानगीनं आली. इथले शेतकरी लस कधी येते म्हणून वाट बघत होते. रोखठोक यांना कुणीतरी हे सांगा.

रोखठोक

म्हणजे आली ना शेवटी लस? मी काय म्हटलं होतं?

सीमेवरचा_सदा

आग लागल्यावर बंब येतो, म्हणून बंबानं आग लावली म्हणायचं काय गा?

संपादक मंडळ

कृपया धाग्याला फाटे फोडू नयेत. लसीवरच्या सर्वसाधारण वादासाठी वेगळा धागा आहे.

बिरोबाचं_लेकरू

रायबाग तालुक्यातला. घरची मेंढरं अजून आहेत, मी शिकून नोकरीला लागलो एवढंच. हा धागा बघून राहवलं नाही.

दूधगंगाकाठ दादा, तुमच्या गावच्या चारजणांचा मला राग नाही, पण हे नेहमीचं आहे. गावात गाय लंगडली की मेंढरांनी आणलं, म्हैस आटली की मेंढरांनी आणलं. आम्ही पावसात पूर्वेच्या अंगाला, अथणी-रायबागकडं असतो, कारण आमच्या मेंढराला चिखल सोसत नाही, खुरं कुजतात. पाऊस सरला की पश्चिमेला सरकायचं. यंदा आषाढातच तिकडं इतका पाऊस झाला की माळावर पाणी साचलं. रात्री वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या आत चिलटांचा नुसता ढग. मेंढरं रात्रभर डोकी एकमेकांच्या पोटाखाली घालून उभी. आमच्या वाड्यात वाकडी कोकरं नाहीत, पण दिवाळीच्या आसपास तोंडं सुजून बरीच लंगडली आणि काही गेली. तोंडाला आतनं फोड, नाकाला खपली, खुराच्या वर लाल पट्टा. एकीची जीभ काळीनिळी पडून बाहेर आली होती. औषधवाल्यानं लाळ्या-खुरकुताचं म्हणून इंजेक्शन दिलं.

फिरत्या वाड्याला डॉक्टर मिळत नाही हो. ज्या गावात उतरलो त्या गावचे म्हणतात, तुम्ही आमच्या हद्दीतले नाही. आमच्या गावचे म्हणतात, मेंढरं इथं आणा. आणायला दोन दिवसांची चाल. महाराष्ट्राच्या हद्दीत गेलो तर विचारायलाच नको.

आणि डॉक्टरसाहेब, एक विचारतो. आमची मेंढरं तोंडं सुजून मरतात, तेव्हा शेजारच्या गोठ्यातल्या गाई मजेत रवंथ करत असतात. मग आम्ही गाईंना रोग दिला कसा?

दावणीचा_डॉक्टर

बिरोबाचं लेकरू, प्रश्न बिनतोड आहे आणि उत्तर गावातल्या लोकांना आवडणार नाही. तुम्ही वर्णन केलंत ते नीलजिव्हेचं वाटतं. आणि नीलजिव्हेत गाय ही बहुधा मुकी वाहक असते. तिच्या रक्तात विषाणू कित्येक आठवडे राहतो आणि बाहेरून ती ठणठणीत दिसते. चिलट गाईला चावतं, मग मेंढीला. म्हणजे आळ मेंढरांवर आणि साठा गोठ्यात, असंही असू शकतं. शिवाशिवीनं हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडं जात नाही. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९६४ साली, आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातच, मेंढरांत. तेव्हापासून कर्नाटक, आंध्र, तेलंगणा, तमिळनाडू या पट्ट्यात पाऊस मनाजोगा झाला की ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान तो डोकं वर काढतो. दख्खनी मेंढी काटक खरी, पण यात तिचं काही चालत नाही.

लाळ्या-खुरकुताशी त्याची गल्लत रोजची आहे. दोन्हींत लाळ, दोन्हींत लंगडणं. फरक असा की लाळ्या-खुरकुतात गाई-बैल आधी आणि जोरात पडतात, पाण्यानं भरलेले फोड येतात. नीलजिव्हेत मेंढरं पडतात, ओठ-तोंड-कान सुजतात, गाई शांत. आणि पीपीआरमध्ये, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांड्यात, शेरडं जास्त, नाका-डोळ्यांतून घाण, हगवण, धाप. इंजेक्शन देण्याआधी कुणीतरी तोंड उघडून बघायला हवं होतं. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. दिलंच तर मागाहून येणाऱ्या जिवाणूंच्या लागणीसाठी. खरा उपचार म्हणजे सावली, मऊ हिरवा चारा, पातळ आंबील, तुरटीच्या पाण्यानं तोंड धुणं आणि ग्लिसरीन लावणं.

नीलजिव्हेची लस आहे. आपल्याकडच्या पाच प्रकारांविरुद्ध मिळून एक, मृत विषाणूची. या रोगाचे चोवीसच्या वर प्रकार आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरत नाही, म्हणून पाच एकत्र. द्यायची ती पावसाच्या आधी. दिवाळीत तोंडं सुजल्यावर लस शोधत फिरण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मे महिन्यातच मागणी घाला, आणि एकट्यानं नको, सात-आठ वाडे मिळून जा. एकट्या मेंढपाळाच्या अर्जाचं काय होतं ते मी टेबलाच्या पलीकडं बसून बघितलंय.

सीमेवरचा_सदा

हद्दीचं म्हणालात म्हणून आठवलं. २०२२ ला लम्पीत जनावर मेलं तर महाराष्ट्रात गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार भरपाई. कर्नाटकात गाईला २० हजार, बैलाला ३० हजार, वासराला ५ हजार. आमच्या पारावर तेव्हा म्हणायचे, गाय तिकडं बांधा, बैल इकडं बांधा, आणि वासरू व्हायच्या वेळी गाय तिकडंच राहू द्या. हसण्यावारी गेलं, पण बांधाच्या अलीकडं-पलीकडं एकाच भावकीची दोन घरं असतात हो. चिलटाला तर बांध माहीतच नाही.

खानापूरची_म्हैसवाली

डॉक्टर, लम्पी आणि हे एकच काय? माझ्या डोक्यात सगळा गुंता झालाय. आणि माझ्या कालवडीचं काय?

दावणीचा_डॉक्टर

ताई, वेगळे. लम्पीचा विषाणू देवीच्या घराण्यातला. मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि लम्पी हे तिघे सख्खे. म्हणून तर गाईंना शेळीच्या देवीची लस टोचली गेली. लम्पी १९२९ मध्ये झांबियात पहिल्यांदा दिसला, भारतात २०१९ मध्ये ओडिशात. तो गाई-म्हशींचा रोग, मेंढरांना होत नाही. त्याला चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड सगळे चालतात. श्मालेनबर्ग, नीलजिव्हा आणि लम्पी ही तिन्ही दुखणी वेगळ्या जातीची आहेत. त्यांना जोडणारा धागा म्हणजे चावणारे कीटक आणि साचलेलं पाणी. तिवासुद्धा त्यातलाच, तीन दिवस जनावर आडवं करतो तो.

कालवडीबद्दल आता काही सांगता यायचं नाही, नमुना गेला. पुन्हा कुठलंही जनावर गाभडलं तर गर्भ आणि जार फेकू नका, डॉक्टरांना बोलवा आणि कालवडीचं रक्त ब्रुसेल्लासाठी तपासून घ्या. जनावरांच्या डॉक्टरांसाठीचा १९६२ हा फोन दोन्ही राज्यांत चालतो. कानात बारा आकडी बिल्ला असेल तर तो नंबर लिहून ठेवा, तो देशभर एकच असतो, राज्य बदललं तरी बदलत नाही.

दूधगंगाकाठ

उशीर झाला, मामांना बोलतं करायला वेळ लागला. तिन्ही उत्तरं देतो.

वाडा आषाढात रायबागच्या पलीकडं होता, श्रावणात पाऊस थांबेना म्हणून एका ओढ्याकाठच्या माळावर अडकून पडला. चिलटं होती का विचारलं तर मामा हसलेच. म्हणाले, चिलटंच होती, बाकी काय होतं?

मेंढा दोन वर्षांपूर्वी पट्टणकोडोलीच्या जत्रेत बदलला. बाहेरचा आहे.

जंताचं औषध पाजलं होतं. आषाढ लागल्यावर सगळ्या मेंढ्यांना सरसकट. नाव सांगता येईना, पण रिकामी बाटली वाघरीच्या गाठोड्यात सापडली. आत पांढरं दुधासारखं, आणि पट्टीवर अल्बेंडाझोल लिहिलंय.

दावणीचा_डॉक्टर

बाटली जपून ठेवल्याबद्दल मामांचे आभार माना. तिसरा प्रश्न यासाठीच होता.

अल्बेंडाझोल चांगलं औषध आहे, जंतांवर रामबाण. पण मेंढी फळल्यापासून पहिल्या महिन्यात ते पाजलं तर पोटातल्या जिवाला व्यंग येऊ शकतं. पायांची हाडं, कवटी, पाठीचा कणा बिघडतो. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. मेंढा बारा महिने कळपात मोकळा असतो, त्यामुळं कुठली मेंढी कधी फळली हे कुणालाच ठाऊक नसतं आणि औषध पाजलं जातं सगळ्यांना एकाच दिवशी. म्हणजे तुमच्या वाड्यात चिलटंही संशयित आहेत आणि बाटलीही. दोघांचा काळ जवळजवळ एकच. वरून बघून यातलं कोण ते सांगणारा अजून जन्मायचाय.

ठरवायची रीत आहे. पुढचं वाकडं कोकरू जिवंत जन्मलं, तर त्यानं चीक पिण्याआधी त्याचं रक्त घ्यायचं. मेंढीच्या वारेतून आईची प्रतिपिंडं पिल्लाकडं जात नाहीत, ती जातात चिकातून. चीक न प्यालेल्या कोकराच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, तर ती त्यानं स्वतः पोटात असताना तयार केलेली, म्हणजे लागण पोटातच झाली. एकदा चीक पाजला की हा पुरावा गेला, मग आईची कुठली आणि पिल्लाची कुठली हे वेगळं करता येत नाही. मेलेलं पडलं तर मेंदूचा नमुना, बर्फावर, त्याच दिवशी. सोबत आईचं रक्त. आणि ज्यांची कोकरं चांगली निघाली अशा काही मेंढ्यांचंही रक्त, तुलनेला. पाठवायचं ते दवाखान्यामार्फतच. तिथून बंगळूरच्या हेब्बाळच्या प्रयोगशाळेत, गरज पडली तर भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेपर्यंत जातं. येलहंक्याची निवेदी संस्था जिल्हावार अंदाजही काढते, कुठल्या महिन्यात कुठल्या रोगाची शक्यता म्हणून, दोन महिने आधी. नीलजिव्हा त्यात असते. पण त्यांच्या हातात काही पडलं तर ते अंदाज बांधणार. आपण गाभडलेलं उकिरड्यावर टाकलं तर त्यांच्या नकाशावर चिकोडी कोरीच राहणार.

रोखठोक

बाटलीचं पटलं. म्हणजे औषधानंच केलं शेवटी.

दावणीचा_डॉक्टर

शेवटी नाही. अजून सुरुवातही झाली नाही. आणि जंताचं औषध बंद करा असं कुणी यातून वाचू नये, जंतांनी मरणारी मेंढरं मी जास्त बघितलीत. औषध कुठलं आणि कधी, एवढाच मुद्दा आहे. फळण्याच्या हंगामात दुसरी सुरक्षित औषधं मिळतात, दवाखान्यात विचारा.

बिरोबाचं_लेकरू

आमच्या वाड्यात पण तेच पाजतात. घरी फोन करून सांगितलं. आबा म्हणाले, तीस वर्षं पाजतोय. मी म्हटलं, आबा, तीस वर्षांत अधूनमधून एखादं वाकडं पडलं की नाही? तर म्हणाले, पडायचंच की, देवाची करणी म्हणून सोडायचो.

दूधगंगाकाठ

अपडेट. तालुक्याचे डॉक्टर आले. कन्नड बोलणारे, तरुण, मामांशी धनगरी कन्नडात बोलले तेव्हा मामा पहिल्यांदा मोकळे झाले. पहाटे एक मेंढी व्याली. कोकरू जिवंत, मागचे पाय आखडलेले, डोळ्याला दिसत नसावं. मामी त्याला चीक पाजायला उचलून घेत होत्या. मी नको म्हणालो तेव्हा माझ्याकडं असं बघितलं त्यांनी, की काय सांगू. डॉक्टर येईपर्यंत पोत्यात गुंडाळून चुलीशी ठेवलं. रक्त घेतल्यावर मामींनी स्वतः वाटीत चीक पिळून बोटानं चाटवला. आणखी काही मेंढ्यांचं रक्त घेतलं, अडलेल्या कोकराचा मेंदू बर्फाच्या डब्यात गेला. रिपोर्टला वेळ लागेल म्हणाले.

गावातल्या चारजणांना डॉक्टरांनी बोलावून समोरासमोर सांगितलं, मेंढरं इथंच राहू द्या, हलवली तर उलट नवी चिलटं आणि नवे गोठे गाठतील. दोघांना पटलं. दोघं म्हणाले, बघू.

एक प्रश्न राहिलाय. मेंढी कधी फळली ते कळणार कसं? मेंढा वेगळा बांधायचा म्हटलं तर मामा म्हणतात, तो ओरडून वाडा डोक्यावर घेतो.

दावणीचा_डॉक्टर

वेगळा बांधता येत नसेल तर त्याच्या छातीला रंग लावा. गेरू तेलात कालवून, पुढच्या पायांच्या मधे. ज्या मेंढीच्या पाठीवर, शेपटाच्या वर रंग उमटला ती त्या दिवशी लागलेली. तिच्या कानाला किंवा लोकरीला दोऱ्याची खूण करा आणि तारीख वहीत लिहा. मग औषध पाजायच्या दिवशी खुणा बघून ताज्या फळलेल्या मेंढ्या बाजूला काढायच्या. युरोपातले मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. तुमचा अनुभव काय, बिरोबाचं लेकरू? आपल्या हवेत टिकेल का?

बिरोबाचं_लेकरू

गोड्या तेलातला टिकायचा नाही, पावसात एका रात्रीत जाईल. करंजाच्या तेलात कालवला तर बघायला पाहिजे, तेवढीच चिलटंही लांब राहतील. भंडारा लावून भागतंय का म्हणून आबा विचारालेत. त्यांना म्हटलं, आपल्याकडं मेंढा, मेंढी, कोकरू आणि धनगर सगळेच पिवळे असतात, त्यात कोण कुणाला लागलं ते काय कळणार? गेरूच घ्या.